ब्रुटल डेथ मेटलचं वादन ओळखायचं ते सांध्यांवरून

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा गिटार वाजवतो आणि चार-पाच वर्षं डेथ, ओपेथ, गोजिरा हे मेटल बँड ऐकतोय. मित्राने त्याला पेन ड्राइव्हवर ब्रुटल डेथ मेटल या अतिवेगवान, जड मेटल-प्रकाराचे दहा-बारा भूमिगत अल्बम भरून दिले. दोन आठवडे ऐकूनही सगळे एकाच बँडचे वाटतात. यात खरोखर वादनाचं कौशल्य आहे की नुसता वेग? ड्रम माणसाने वाजवलेत की संगणकावर लिहिलेत, हे कसं कळतं? आणि सुरुवात कुठून करायची?

मी ड्रमर आहे. बरीच वर्षं हेच संगीत वाजवतो, शिकवतो आणि दुसऱ्या बँडचे ड्रम रेकॉर्ड करून देतो. त्यामुळे उत्तर ड्रमच्या बाजूला झुकलेलं असेल. पण या प्रकारात बाकीची वाद्यंही ड्रमच्या अंगानेच लिहिली जातात, त्यामुळे त्याने फार बिघडणार नाही.

मुद्दा एकच आहे. तुम्ही दोन आठवडे वेग ऐकलात. वेग सगळ्यांकडे आहे, म्हणून सगळे सारखे वाटले. यापुढे सांधे ऐका. एक रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) संपून दुसरा सुरू होतो ती जागा, ब्लास्ट (स्नेअर, झांज आणि बास ड्रम यांचा अखंड वेगवान मारा) तुटून लय निम्म्यावर येते ती जागा, गायक थांबतो आणि बास गिटार एकटी उरते ती जागा. अशा एकेका गाण्यात पंधरा-वीस जागा असतात. चौघे पाचजण तिथून एकत्र कसे वळतात, यावर बँडची लायकी ठरते. चांगल्या बँडचा सांधा ऐकताना वाटतं की गाणं इथेच वळणार होतं. कच्च्या बँडचा सांधा म्हणजे दोन रिफ शेजारीशेजारी ठेवून दिलेले.

आधी वेगाचा हिशेब उरकून घेऊ. २५० बीपीएमला (मिनिटाला २५० मात्रा) सोळांशात, म्हणजे मात्रेला चार ठोके धरून, डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम) चालू असेल, तर सेकंदाला साडेसोळाहून जास्त ठोके पडतात. म्हणजे एका पायाला आठाच्या वर. दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ६० मिलिसेकंद मिळतात. बास ड्रमचा खालचा सूर ५० हर्ट्झच्या आसपास धरला, तर त्याचं एक कंपन २० मिलिसेकंदांचं होतं. म्हणजे तीन कंपनं झाली की पुढचा ठोका हजर. ड्रमला घुमायला वेळच उरत नाही, उरतो तो फक्त आघात. म्हणून या अल्बमांमध्ये बास ड्रमचा ‘टक्‌ टक्‌’ आवाज येतो, म्हणून ट्रिगर लावतात, म्हणजे ठोका पडला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं उपकरण. ट्रिगर लावला म्हणजे फसवणूक, असं बरेच लोक म्हणतात. ते मला पटत नाही. ट्रिगर ठोक्याचा आवाज बदलतो, ठोका कधी पडला ते बदलत नाही. पाय अडखळला तर तोही तितकाच स्वच्छ ऐकू येतो.

स्नेअर या काठीने वाजवायच्या मुख्य ड्रमचंही असंच. डिसगॉर्ज किंवा ब्रोडेक्विन हे बँड ऐकताना तो पत्र्याच्या डब्यासारखा ‘टिंग’ आवाज खटकला असेल. गिटार खाली बी किंवा ए पर्यंत उतरवलेली, बास तिच्याही खाली, गायकाचा आवाज त्यांच्यातच. खालचा सगळा भाग भरलेला असताना स्नेअर ऐकू यायला फक्त वरची जागा मोकळी असते. शिवाय कातडं घट्ट ताणलं की काठी उसळून परत येते आणि हाताची मेहनत वाचते. म्हणजे तो आवाज आवडीनिवडीचा आहे तसा गरजेचाही आहे. कानाला सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

आता सांध्यांकडे येऊ. सुरुवात सफोकेशनपासून करा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा बँड. १९९१ मध्ये त्यांचं ‘ह्यूमन वेस्ट’ हे ईपी (छोटा अल्बम) आलं आणि त्याच वर्षी ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ हा पहिला अल्बम, फ्लोरिडातल्या टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली रेकॉर्ड केलेला. गिटारवर टेरन्स हॉब्ज आणि डग सेरिटो, बासवर जॉश बॅरोन, ड्रमवर माइक स्मिथ, गायक फ्रँक मलन. आज ज्याला ब्रुटल डेथ मेटल म्हणतात त्याचं जवळजवळ सगळं व्याकरण या एका अल्बममध्ये आहे. पहिलंच गाणं ‘लीज ऑफ इन्व्हेरॅसिटी’ घ्या. वेगात सुरू होतं, दोन-तीन वळणं घेतं आणि मग एका जागी सगळं खाली बसतं: गिटार दाबून, मोजके सूर, ड्रम सरळ ठेक्यात. या जागेतून पुढे स्लॅम नावाचा अख्खा उपप्रकार निघाला. पण तुम्ही तो संथ भाग ऐकू नका. त्याच्या आधीची काही सेकंदं ऐका. स्मिथ वेग सोडताना काय करतो, गिटारचा शेवटचा सूर कुठे तोडला जातो, मलनचा आवाज नव्या लयीच्या पहिल्या मात्रेवर येतो की थोडा आधी. ही काही सेकंदं पुन्हा पुन्हा ऐकलीत तर बाकीचा अल्बम आपोआप उलगडेल.

अशा वळणांतली एक नेहमीची युक्ती जरा जवळून दाखवतो, म्हणजे कानाला काय पकडायचं ते कळेल. समजा लय २४०ची आहे आणि पाय सोळांशात चालू आहेत. मिनिटाला ९६० ठोके. आता पाय जसेच्या तसे चालू ठेवायचे, एकही ठोका कमी-जास्त करायचा नाही. फक्त हातांनी चार-चारचे गट सोडून सहा-सहाचे धरायचे. ९६० भागिले ६ म्हणजे १६०. पाय तेच, पण ऐकणाऱ्याला लय एकदम दोन-तृतीयांशावर उतरल्यासारखी वाटते आणि मान हलायला लागते. तबला शिकलेल्यांना हे लगेच कळेल: आड (दीडपट) लयीचा हिशेब उलटा वापरलेला आहे. अवघड भाग पायांचा नाहीच. अवघड असतं ते डोक्यात दोन लयी एकाच वेळी जिवंत ठेवणं आणि गिटारवाल्याने त्याच क्षणी त्याच गटात शिरणं. बँड कच्चा असेल तर इथे पाय क्षणभर ढिले पडतात किंवा गिटार अर्धी मात्रा उशिरा बसते. शिकवताना मी विद्यार्थ्याला आधी हेच ९०च्या लयीवर, नुसत्या मांडीवर हात आपटून करायला लावतो. ज्याला ९०वर येत नाही त्याला २४०वर येत नाही, फक्त लपवता येतं.

फ्रँक मलन रंगमंचावर एक हात वर धरून तो ब्लास्टच्या वेगात थरथरवायचा. सफोकेशनचे चाहते ते पाहायलाही जायचे, २०१८ च्या त्याच्या निरोपाच्या दौऱ्याला नावसुद्धा त्या हातावरूनच दिलं होतं. त्याच्या कार्यक्रमाचं एखादं चित्रण आवाज बंद करून पाहा. हात कधी थरथरतो, कधी एकेक घाव घालतो, कधी हवेत थांबतो, यावरून गाण्याचे भाग समजतात. गिटारवाल्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम दाखवतो, कारण त्यांचं सगळं लक्ष बोटांकडे असतं आणि गाण्याचा आकार हातातून निसटतो.

आता तुम्हाला एक अभ्यास सुचवतो. या संगीतावर इतकं चांगलं शिकवणारं दुसरं काही मला माहीत नाही. सफोकेशनचा दुसरा अल्बम ‘ब्रीडिंग द स्पॉन’ १९९३ मध्ये आला. रेकॉर्ड कंपनीने पुरेसे पैसे दिले नाहीत, मॉरिसाउंड आणि स्कॉट बर्न्स परवडले नाहीत, आणि अल्बम घराजवळच्या छोट्या स्टुडिओत झाला. आवाज पातळ आहे, गिटार चिखलात रुतलेली, ड्रम लांब कुठेतरी. गाणी मात्र पहिल्या अल्बमपेक्षा गुंतागुंतीची आहेत. बँडला ही सल राहिली असणार, कारण पुढे जवळजवळ प्रत्येक अल्बममध्ये त्यांनी त्यातलं एकेक गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. १९९५ च्या ‘पिअर्स्ड फ्रॉम विदिन’मध्ये ‘ब्रीडिंग द स्पॉन’ हे शीर्षकगीत, २००६ च्या ‘सफोकेशन’ या अल्बममध्ये ‘प्रेल्यूड टू रिपल्शन’, २००९ च्या ‘ब्लड ओथ’मध्ये ‘मॅरिटल डेसिमेशन’, २०१३ च्या ‘पिनॅकल ऑफ बेडलम’मध्ये ‘बिगिनिंग ऑफ सॉरो’, २०१७ मध्ये ‘एपिटाफ ऑफ द क्रेड्युलस’, २०२३ मध्ये ‘इग्नोरंट डिप्रिव्हेशन’.

याचा फायदा असा की एकच गाणं तुम्हाला दोन ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळतं आणि ड्रमरही बदलत जातात. १९९३ मध्ये माइक स्मिथ आहे, १९९५ मध्ये डग बोन, २०१३ मध्ये डेव्ह कलरॉस, २०१७ आणि २०२३ मध्ये एरिक मोरॉटी. २००६ आणि २००९ मध्ये पुन्हा स्मिथच, म्हणजे तोच माणूस तेच गाणं तेरा आणि सोळा वर्षांनी वाजवतोय. आधी नवं रेकॉर्डिंग ऐका, म्हणजे रिफ कळतील. मग १९९३ चं ऐका. चिखलातून तेच रिफ आता ऐकू यायला लागतील. त्यानंतर दोन्हींचे सांधे शेजारीशेजारी लावून बघा. नव्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं जागच्या जागी बसतं. जुन्यात लय श्वास घेते, वळणाआधी किंचित पुढे सरकते. मला स्वतःला ‘ब्रीडिंग द स्पॉन’ त्याच्या सगळ्या पातळ आवाजासकट फार प्रिय आहे. विद्यार्थी विचारतात की वादन चांगलं असून रेकॉर्डिंग वाईट असू शकतं का, तेव्हा मी हाच अल्बम लावतो.

तुम्ही गिटारवाले, म्हणून डाइंग फीटस लवकर ऐका. मेरीलँडचा बँड, १९९१ पासूनचा. २००० चा ‘डिस्ट्रॉय द ऑपोझिशन’ हा सुरुवातीसाठी उत्तम. जॉन गॅलाघर स्वीप पिकिंगच्या (पिक एकाच झटक्यात तारांवरून ओढत नेण्याच्या) झरझर फ्रेझा रिफच्या पोटात लिहितो. एरवी लोक त्या सोलोत वापरतात. इथे स्वीप संपते त्याच मात्रेवर जड ठेका सुरू होतो आणि केव्हिन टॅलीचे ड्रम तिथे तयार उभे असतात. विषय राजकीय आहेत, त्यामुळे मुखपृष्ठ घरात कुणी पाहिलं तर ओशाळायची वेळही येणार नाही.

मॉन्ट्रियलच्या क्रिप्टॉप्सीचा ‘नन सो व्हाइल’ (१९९६) वेगळ्या कारणासाठी. आठ गाणी, सुमारे ३२ मिनिटं. फ्लो मूनिएच्या ड्रमबद्दल सगळेच बोलतात आणि ते रास्त आहे. त्याच्यासारखा ब्लास्टच्या मधोमध झांजांचे वेगवेगळे स्वर काढणारा माणूस तेव्हा विरळाच होता. पण तुम्ही एरिक लँगल्वाचा बास ऐका. या संगीतात बास बहुतेकदा गिटारच्या सावलीत हरवतो, कारण उतरवलेली गिटार ६० हर्ट्झच्या आसपास येते आणि बासची जागाच बळकावते. लँगल्वा बोटांनी तार आपटून, ओढून वाजवतो, त्यामुळे त्याचा आघात वरच्या भागात येतो आणि गिटारमधून आरपार ऐकू येतो. ‘फोबोफाइल’ची सुरुवात ऐका: पियानो, मग एकटा बास, मग सगळे तुटून पडतात. आधी दाखवलेली शांतता पुढच्या गोंधळाला अर्थ देते. मुखपृष्ठावर १७व्या शतकातल्या बोलोन्याच्या चित्रकर्ती एलिझाबेत्ता सिरानीचं चित्र आहे. हिंसा दाखवायला दर वेळी नवा रक्तपात काढावा लागत नाही, हे त्या मुखपृष्ठाने शांतपणे दाखवलं.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगायला हवं, कारण ‘सगळं सारखं’ वाटण्यात मोठा वाटा आवाजाचा असतो. शब्द कळत नाहीत म्हणून कान तिथे थांबतो. शब्द सोडून द्या, तो आवाज तालवाद्य म्हणून ऐका. घशात खऱ्या स्वरतंतूंच्या वर दुसऱ्या दोन घड्या असतात. त्या स्वरतंतूंच्या निम्म्या वेगाने कंप पावू लागल्या की सूर एक सप्तक खाली गेल्यासारखा वाटतो. तिबेटी मठांतल्या खर्जातल्या पठणात हेच घडतं. डेथ मेटलच्या बऱ्याच गायकांत याच घड्या कामाला लागतात, फक्त त्यांत हवेचा खरखराट मिसळलेला असतो. श्वास आत ओढत काढलेला आवाज वेगळा, तो सुरुवातीला सोपा वाटतो पण घसा कोरडा करतो आणि ताकद कमी देतो. शिकायचं असेल तर श्वास सोडतच शिका.

गायक तालवाद्य आहे याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे रिकी मायर्स. तो सॅन डिएगोच्या डिसगॉर्जचा ड्रमर. ‘शी ले गटेड’ (१९९९) आणि ‘कन्झ्यूम द फरसेकन’ (२००२) या अल्बमांवर त्याचे ड्रम आहेत, आणि रिफ इतके दाट आहेत की श्वास घ्यायला जागा नाही. मलननंतर सफोकेशनने गायक म्हणून हाच ड्रमर घेतला. २०२३ च्या ‘हिम्स फ्रॉम द अपॉक्रिफा’वर त्याचा आवाज आहे. त्याचे उच्चार कुठे पडतात ते ऐका. बहुतेक वेळा ते स्नेअरच्या मधल्या फटीत पडतात, स्नेअरवर पडत नाहीत. ड्रमर असल्याशिवाय हे सुचणं कठीण.

स्लॅमबद्दल लोक नाक मुरडतात. इंटर्नल ब्लीडिंग, पायरेक्सिया हे लाँग आयलंडचेच, आणि पुढे टेक्ससच्या डॅलसमधला डेव्होरमेंट. रिफ तीन-चार सुरांचे, लय संथ, म्हणून ‘हे कुणीही वाजवेल’ असं म्हटलं जातं. वाजवून बघा. तार बरीच उतरवली आणि जाडी तीच ठेवली तर ताण कमी होतो. मग जोरात पिक मारला की सूर पहिल्या क्षणी वर चढतो आणि मग खाली येतो. वेगात हे लपतं, संथ रिफमध्ये सगळा रिफ बेसूर वाटतो. दोन गिटार असतील तर दोघांचा चढ वेगवेगळा, म्हणजे आणखी खराब. म्हणून जाड तारा, हलका आणि एकसारखा पिक, आणि तळहाताने दाबायची जागा दर वेळी तीच. त्यातही सूर तोडण्याची वेळ सुरू करण्याच्या वेळेइतकीच महत्त्वाची. दोन सुरांमधली शांतता स्वच्छ नसेल तर स्लॅम बसतच नाही. स्टुडिओत माझ्याकडे येणारे तरुण बँड वेगवान भाग चार-पाच प्रयत्नांत आटोपतात आणि संथ भागावर दुपार घालवतात.

आता ज्या बँडबद्दल मला मनापासून बोलायचंय तो म्हणजे जर्मनीचा डिफीटेड सॅनिटी. १९९४ मध्ये लिले ग्रुबर या ड्रमरने आणि वोल्फगांग टेस्के या गिटारवादकाने तो सुरू केला. टेस्के हे ग्रुबरचे वडील. बापलेकांनी मिळून जगातल्या सर्वांत कठीण संगीतापैकी एक प्रकार वाजवला, आणि वडील २०१० मध्ये गेल्यानंतरही मुलाने बँड चालू ठेवला. ‘साम्स ऑफ द मोरिबंड’ (२००७) ऐका आणि लगेच ‘द सँग्विनरी इम्पेटस’ (२०२०) ऐका. ग्रुबरच्या हातात जॅझ आहे. ब्लास्टच्या आत स्नेअरचे काही ठोके अगदी हलके आहेत, ऐकू येतील न येतील असे, आणि त्यामुळेच मोठे ठोके मोठे वाटतात. बाकीचे ड्रमर सगळे ठोके एकाच जोरात मारतात, कारण या वेगात तसं मारणंच सोपं असतं. ग्रुबर त्या वेगातही लहान-मोठं करतो. त्याच्या वळणांचा हिशेब लावायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागते, आणि तरीही पहिल्यांदा ऐकताना मान आपोआप हलते. हे दोन्ही एकत्र साधणारे बँड एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

त्यांचा २०१६ चा दुहेरी अल्बम तुमच्यासाठी पूल ठरेल. ‘डिस्पोझल ऑफ द डेड’ आणि ‘धर्मता’ असे त्याचे दोन भाग आहेत. पहिला निव्वळ ब्रुटल. दुसरा १९९०च्या आसपासच्या फ्लोरिडाच्या तांत्रिक डेथ मेटलच्या वळणाचा, म्हणजे तुम्ही ऐकता त्या डेथच्या शेजारचा. तेच वादक, तेच हात. ‘धर्मता’पासून सुरू करा आणि मग उलटे या. पहिला भाग सारखा-सारखा वाटायचा थांबेल, कारण हात ओळखीचे झालेले असतील.

ड्रम खरे की लिहिलेले? यासाठी लांब फिल (दोन भागांमधला ड्रमचा भरणा) ऐका. माणसाचा उजवा आणि डावा हात कधीच पूर्ण सारखा नसतो, त्यामुळे टॉम ड्रमवरच्या लांब रोलमध्ये एक सूक्ष्म जोर-कमीजोर राहतो. संगणकावर घाईने लिहिलेल्या ड्रममध्ये प्रत्येक ठोका तोच नमुना वाजवतो आणि रोल टाइपरायटरसारखा होतो. दुसरी खूण झांजांची. खऱ्या झांजेवर आधीचा आवाज चालू असताना दुसरा घाव पडला की ते मिसळून फुगतात, लिहिलेल्या झांजेत दर वेळी आवाज नव्याने सुरू झाल्यासारखा येतो. तिसरं म्हणजे माणसाला दोनच हात आहेत. स्नेअर, टॉम आणि क्रॅश झांज एकाच क्षणी वाजत असतील तर शंका घ्या. हल्ली मात्र खरे ड्रमही नंतर संगणकात ग्रिडवर (लयीच्या नेमक्या रेषांवर) सरकवतात आणि सगळे आवाज नमुन्यांनी बदलतात, त्यामुळे सीमारेषा पुसट झाली आहे. मला लिहिलेल्या ड्रमचा राग नाही. घरी एकट्याने अल्बम करणाऱ्याकडे ड्रमर कुठून येणार? वाईट एवढंच वाटतं की तिथे सांधा कुणी जोखीम पत्करून घेतलेला नसतो. वळण चुकण्याची शक्यताच नसेल तर ते बरोबर आल्याचा आनंदही निम्मा होतो.

शब्द आणि मुखपृष्ठं यांबद्दल स्पष्ट बोलतो. या प्रकारातल्या बऱ्याच बँडनी बायकांवरच्या अत्याचारांची वर्णनं आणि चित्रं विक्रीची वस्तू केली आहे. ‘ते फक्त भयपटासारखं आहे’ हे समर्थन मी खूप ऐकलंय आणि मला ते पुरत नाही. वादन कितीही चांगलं असलं तरी तसले अल्बम मी विकत घेत नाही, विद्यार्थ्यांना सुचवत नाही. आणि ते टाळूनही ऐकायला भरपूर उरतं. माद्रिदचा वर्म्ड हा बँड अवकाश आणि विश्वरचना यांवर लिहितो. ‘प्लॅनिस्फेरियम’ (२००३) आणि ‘एक्झोड्रोमोस’ (२०१३) ऐका. टेनेसीचा ब्रोडेक्विन मध्ययुगीन युरोपातल्या छळाच्या साधनांवर, म्हणजे इतिहासावर. साउथ कॅरोलिनाचा नाइल प्राचीन इजिप्तवर. इंडोनेशियात बांडुंग शहराच्या उजुंगबेरुंग भागात तर ब्रुटल डेथ मेटलची मोठी वस्तीच आहे, आणि तिथला जसाद हा जुना बँड सुंदानी भाषेत गातो, सुंदानी संस्कृतीवर लिहितो. आपल्या मातीची भाषा या आवाजात बसते की नाही, हा प्रश्न त्यांनी केव्हाच मागे टाकला.

आपल्याकडे म्हणाल तर मुंबईचा गटस्लिट. २००७ मध्ये सुरू झाला, बासवर गुरदीप सिंग नारंग, ड्रमवर आरन पिंटो, गायक आदित्य बर्वे. २०१७ चा ‘अँप्युथिएटर’ आणि २०२३ चा ‘कार्नल’ हे दोन्ही अल्बम युरोपातल्या कुठल्याही चांगल्या बँडच्या शेजारी ठेवता येतात, आणि युरोपात दौरे करून त्यांनी ते तिथल्या लोकांसमोर वाजवूनही दाखवलंय. बर्व्यांचा आवाज मला विशेष आवडतो, कारण ते खालच्या खर्जातून वरच्या किंकाळीवर जाताना मध्ये श्वासाची फट ठेवत नाहीत. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी ही भूमिगत डेथ मेटल जगभर विकणारी कंपनीसुद्धा मुंबईचीच. त्यांच्या यादीतून वर्षाला दोन-चार तरी चांगली नावं सापडतात.

नवे रिलीज शोधायचे असतील तर बँडपेक्षा कंपनी धरून शोधणं सोपं जातं. कॅलिफोर्नियाची युनिक लीडर ही कंपनी डीड्स ऑफ फ्लेश या बँडच्या लोकांनीच काढली. तिचा मुख्य माणूस एरिक लिंडमार्क २०१८ मध्ये गेला. १९९० च्या अखेरीपासून पुढच्या दहाएक वर्षांतली तिची यादी म्हणजे या संगीताचा पायाच आहे, नंतर कंपनीचा कल बराच बदलला. विलोटिप या कंपनीची यादी छोटी आणि निवडक. बँडकॅम्प या संकेतस्थळावर बहुतेक बँड स्वतः विकतात. परदेशातून सीडी मागवली तर टपालखर्च आणि कस्टम मिळून कधीकधी सीडीइतकाच भुर्दंड पडतो, म्हणून दोघातिघांनी मिळून मागवा. डिजिटल घेतलं तर फ्लॅक (आवाजातलं काही न गमावणाऱ्या) स्वरूपात घ्या. दाबलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी झांजांचा पोत जातो, आणि या संगीतात झांजा गेल्या की उरलेला आवाज एकच भिंत होतो. मित्राने दिलेला पेन ड्राइव्ह १२८ केबीपीएसच्या, म्हणजे खूप दाबलेल्या फाइलींचा असेल तर दोन आठवड्यांच्या कंटाळ्याचं एक कारण तेही असू शकतं. आधी ते तपासा.

आणि त्या दहा-बारा अल्बमांपैकी एकच निवडा. बाकीचे काढून ठेवा. हेडफोनवर मध्यम आवाजात लावा, मोठ्या आवाजात कान दहा मिनिटांत थकतो आणि तपशील पकडणं सोडून देतो. एक गाणं घेऊन रिफ कुठे बदलतात ते कागदावर वेळेसह लिहा. मग गिटार हातात घेऊन फक्त वळणाच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन आवर्तनांचे तुकडे बसवा, निम्म्या वेगात, मेट्रोनोमवर. पूर्ण रिफ नंतर आले तरी चालतील. ‘एफिजी’मधलं ‘इन्फेक्टिंग द क्रिप्ट्स’ यासाठी चांगलं आहे, कारण ते ‘ह्यूमन वेस्ट’वरही आहे, त्यामुळे एकाच वर्षातली दोन रेकॉर्डिंग तुलनेला मिळतात. बसवताना कुठे अडलं तर गाण्याची वेळ आणि तुमच्या हाताचं चित्रण पाठवा, तो तुकडा मोजून मी मात्रा लिहून देईन.